जुन्या स्पोर्ट्स कार संग्राहकांना कालांतराने इतक्या हव्याशा का वाटू लागतात?

मालवाप्रवासी

नमस्कार मंडळी. महू येथील माझ्या मामांच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये १९५१ सालची एमजी टीडी ही दोन आसनांची, कापडी छताची गाडी अनेक वर्षांपासून बंद अवस्थेत उभी आहे. मामांच्या निधनानंतर बंगल्याची आवराआवर सुरू असताना मुंबईच्या एका गृहस्थांनी ती न पाहताच, केवळ छायाचित्रांवरून, जी किंमत देऊ केली, ती ऐकून घरातील मंडळी चकित झाली. तेवढ्या पैशांत वातानुकूलित, सहा एअरबॅगांची नवी गाडी सहज येते आणि हिला तर धड दरवाजाच्या काचाही नाहीत.

विकावी की ठेवावी हा आमचा घरगुती प्रश्न आहे, त्याचा निर्णय आम्ही घेऊ. येथे विचारायचे आहे ते वेगळेच. वेगाने मागे पडलेली, ब्रेक कच्चे असलेली, पावसात भिजवणारी गाडी वय वाढते तशी अधिक मौल्यवान कशी होते? माझे स्वतःचे मत असे आहे की ही श्रीमंतांची हौस आहे आणि तिला रसिकतेचे नाव दिले जाते. हे मत चुकीचे वाटत असल्यास कारणांसह खोडून काढावे.

पोहे_जिलबी

दरवाजाला काचा नसलेल्या गाडीतून इंदूरच्या राजवाडा चौकात गेल्यास सिग्नलला थांबल्याबरोबर किमान चार जण आत वाकून मायलेज विचारतील, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

निवृत्त_यंत्रज्ञ

मालवाप्रवासी, आपले मत अर्धे बरोबर आहे. हौस आणि पैसा दोन्ही आहेत, परंतु त्यांनी जुन्या फ्रीजवर किंवा जुन्या ट्रकवर झडप का घातली नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. माझे आयुष्य पिथमपूरच्या वाहन उद्योगात गेले, त्यामुळे मी हा विषय गाडीच्या आयुष्यक्रमातून पाहतो.

कोणतीही गाडी शोरूममधून बाहेर पडताच तिची किंमत घसरू लागते. साधारण दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान ती तळाला पोहोचते. तेव्हा ती नवीही नसते आणि जुनी म्हणून कौतुकाचीही नसते. साधी कुटुंबाची गाडी हा काळ बऱ्या अवस्थेत काढते, कारण तिचा मालक तिला सांभाळून चालवतो. स्पोर्ट्स कारचे नेमके उलट होते. ती स्वस्त झाली की खिशात थोडे पैसे आणि पायात बराच जोर असलेल्या तरुणाच्या हाती जाते. इंजिन ताणले जाते, गाडी झाडावर आदळते, पत्रा गंजतो, मूळ भाग महाग म्हणून मिळेल ते बसवले जाते आणि अखेरीस ती भंगारात निघते. मुळात अशा गाड्या थोड्या बनतात. त्यांतून हा काळ पार करून, मूळ स्वरूपात, कागदपत्रांसह उरणाऱ्या तर फारच थोड्या. संग्राहक जे पैसे मोजतो ते त्या गाळणीतून सुटलेल्या वस्तूचे असतात. केवळ वयाला बाजारात किंमत नाही.

याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात अशा केवळ ३६ गाड्या तयार झाल्या. त्या शर्यतीसाठी बनल्या होत्या आणि शर्यतीची गाडी दोन हंगामांत जुनी होते, म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांपैकी काही चक्क काही हजार डॉलरांत विकल्या गेल्या. २०१८ साली कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील लिलावात त्यांतीलच एक ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. गाडी तीच, इंजिन तेच. भोवतालचे जग बदलले.

हिशेबनीस

यंत्रज्ञसाहेब, आपण चढलेल्या भावाचे उदाहरण दिलेत, पडलेल्या भावाचे दिले नाही. व्यवसायाने लेखापरीक्षक असल्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे.

१४ ऑगस्ट १९८८ रोजी फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि आता त्यांच्या हातच्या गाड्या पुन्हा होणार नाहीत या भावनेने बाजार उसळला. गाडी ज्यांनी कधी चालवली नव्हती असे लोक कर्जे काढून फेरारी घेऊ लागले. १९९० नंतर तो फुगा फुटला आणि अनेकांच्या हाती खरेदीच्या काही अंशानेच किंमत उरली. त्या गाड्या त्या दोन वर्षांत अधिक दुर्मिळ किंवा कमी दुर्मिळ झाल्या नव्हत्या. म्हणजेच दुर्मिळता हे कारण अपुरे आहे, मागणीची लाट हेही पाहिले पाहिजे.

शिवाय लिलावातील आकडा सगळे लिहितात, मधला खर्च कोणी लिहीत नाही. कोरडी जागा, विमा, न चालवताही कुजणारे टायर आणि होजपाइप, दर काही वर्षांनी ब्रेकचे काम, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक मिळेपर्यंतची प्रतीक्षा. बँकेतील ठेव तीन दिवसांत मोडता येते, जुनी गाडी नाही. गुंतवणूक म्हणून कोणी मला विचारले तर मी नको म्हणतो. आवड म्हणून विचारले तर तो माझा प्रांत नाही.

सुमेधा_इंदूर

मागणीची लाट कोठून येते, याचे उत्तर वयात आहे असे मला वाटते. गाडीच्या नव्हे, घेणाऱ्याच्या. माणूस पंधरा-सोळाव्या वर्षी भिंतीवर जिचे चित्र लावतो, ती गाडी घेण्याइतका पैसा त्याच्याकडे पंचेचाळिशी-पन्नाशीत येतो. मधली तीस वर्षे ती इच्छा तशीच पडून असते.

म्हणूनच युद्धपूर्व काळातील अनेक गाड्यांना आज पूर्वीइतका उठाव नाही आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतील जपानी गाड्या वर जात आहेत. निसान स्कायलाइन जीटी-आर ही अमेरिकेत कधी अधिकृतपणे विकली गेली नाही; तेथील मुलांनी ती व्हिडिओ गेममध्ये चालवली. अमेरिकेच्या कायद्यानुसार २५ वर्षांहून जुन्या गाडीला तेथील सुरक्षानियमांतून सूट मिळते, त्यामुळे ३२ क्रमांकाची पिढी २०१४ पासून आणि ३४ क्रमांकाची २०२४ पासून तेथे आयात करता येऊ लागली. जी गाडी ज्या वर्षी पंचविशी ओलांडते, त्याच्या आधीपासून जपानमध्ये तिचे भाव हलू लागतात. यात रसिकता आहे, आठवण आहे आणि सरकारी नियमही आहे.

माझ्या पिढीला एमजी टीडीविषयी आदर वाटतो, ओढ वाटत नाही, हे मी प्रांजळपणे सांगते. मालवाप्रवासी यांनी विक्रीचा विचार असल्यास फार थांबू नये.

महूकर

सुमेधाताई, ओढ वाटायला एकदा तरी बसावे लागते. महूच्या छावणीत लष्करी अधिकाऱ्यांकडे अशा गाड्या असत आणि आम्ही मुले त्यांच्यामागे सायकली पळवत असू. टीडीचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास संपतो, इंजिन १२५० सीसीचे, अश्वशक्ती ५४. आज कोणतीही साधी हॅचबॅक तिला मागे टाकील. परंतु जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून, समोरची काच आडवी पाडून ताशी साठने जाताना जो वेग जाणवतो, तो हॅचबॅकमध्ये शंभरलाही जाणवत नाही.

अडाणी_प्रश्न

मला यातील फार समजत नाही, म्हणून विचारतो. जाणवणारा वेग हेच कारण असेल, तर कोट्यवधींच्या या गाड्या वातानुकूलित गोदामांत पांघरूण घालून का ठेवतात? जी चालवायचीच नाही, तिच्या चालवण्यातील आनंदाची किंमत कोण आणि कशासाठी मोजतो?

कार्ब्युरेटर

अडाणी_प्रश्न, तुमचा प्रश्न या धाग्यातील सर्वांत शहाणा प्रश्न आहे. गोदामातील गाड्यांविषयी मलाही प्रेम नाही. परंतु ज्यांच्यामुळे हा छंद जिवंत आहे, ते लोक गाड्या चालवतात, आणि चालवण्यात नेमके काय आहे ते सांगण्याचा प्रयत्न करतो.

टीडीवर एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग, असतात. त्यांच्या डोक्यावर घंटेसारखी धातूची टोपी असते; तिच्या आत एक पिस्टन वरखाली होतो आणि त्याच्या तळाशी लावलेली निमुळती सुई जेटमध्ये सरकून पेट्रोल किती जायचे ते ठरवते. इंजिनाने जितकी हवा ओढली तितका पिस्टन उचलला जातो. वर एक छोटे झाकण उघडून पातळ तेलाचे काही थेंब घालायचे, म्हणजे पिस्टन एकदम उडी मारत नाही. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा घेत आहेत का, हे पाहण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे त्यांच्या तोंडाशी धरून फुसफुस ऐकायची आणि स्क्रू फिरवत दोन्हींचा आवाज जुळवायचा. मिश्रण तपासायचे तर इंजिन चालू असताना पिस्टन अगदी किंचित उचलायचा: इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन बसू लागले तर कमी आहे, आणि क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर आहे. हे सर्व एक पेचकस, एक नळी आणि दोन कान यांवर होते.

आजच्या गाडीत हेच काम संगणक अधिक चांगले करतो, याविषयी वाद नाही. पण त्याने ते मालकाच्या हातून काढून घेतले. पॉवर स्टिअरिंग, एबीएस, स्वयंचलित गिअर यांनी गाडी सुरक्षित झाली आणि त्याच वेळी रस्त्याची खरखर, क्लचची ओढ, गिअर पडतानाची खटक नाहीशी झाली. नव्वदच्या दशकापर्यंत या गोष्टी फुकट मिळत होत्या, म्हणून त्यांची कोणाला किंमत नव्हती. आता नव्या गाडीत त्या पैसे देऊनही मिळत नाहीत. फेरारीच्या अलीकडच्या काळातील ज्या मॉडेलांत स्टिअरिंगमागच्या पॅडलचा आणि हाताने टाकायचा असे दोन्ही गिअरबॉक्स उपलब्ध होते, त्यांत हाताच्या गिअरची गाडी आज कितीतरी महाग विकली जाते, जरी ती प्रत्यक्षात हळू असली तरी. पोर्शे ९११ चे इंजिन १९९८ पर्यंत हवेने थंड होत असे. तो प्रकार बंद झाल्यावर त्या आधीच्या सगळ्या ९११ ची इभ्रत वाढली.

पुणेरी_पाहुणा

सासर इंदूरचे असल्यामुळे येथे अधूनमधून डोकावतो. एक नम्र शंका आहे. हाताचे गिअर, कार्ब्युरेटर, रस्त्याची खरखर हे सगळे आमच्या प्रीमियर पद्मिनीतही भरपूर होते. खरखर तर थोडी जास्तच होती. तिला कोणी ४ कोटी डॉलर का देत नाही?

पोहे_जिलबी

कारण पद्मिनीने फ्रान्सातली ल माँची शर्यत कधी जिंकली नाही. तिने वऱ्हाडे वेळेवर पोहोचवली, पण त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

रेवातीर

पोहे_जिलबी यांनी थट्टेत मर्म सांगितले. स्पोर्ट्स कारला इतर जुन्या गाड्यांपासून वेगळे करणारी गोष्ट म्हणजे तिची नोंदलेली कामगिरी.

मे २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझने आपल्याच संग्रहातील ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे ही गाडी १३ कोटी ५० लाख युरोंना विकली. आजवर कोणत्याही गाडीला मिळालेली ती सर्वांत मोठी जाहीर किंमत ठरली. अशा दोनच गाड्या बनल्या होत्या. गंमत म्हणजे ही कूपे स्वतः कधी शर्यतीत उतरलीच नाही. १९५५ साली ल माँ येथे मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत शिरून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षअखेरीस कंपनीने शर्यती सोडल्या आणि कूपेसाठी शर्यतच उरली नाही. तिचे अभियंते रुडोल्फ उलेनहाउट ती कंपनीची गाडी म्हणून रस्त्यावर चालवीत. म्हणजे १३ कोटी ५० लाखांत इतिहास आहे, अपुरी राहिलेली शर्यत आहे, एका माणसाचे नाव आहे. कारखान्याने तसाच सांगाडा आज पुन्हा बनवला, तरी यातले काहीच त्यात येणार नाही.

अडाणी_प्रश्न यांच्या गोदामाच्या मुद्द्यालाही येथे उत्तर आहे. इटलीतील मिले मिलिया ही मूळ शर्यत १९२७ ते १९५७ या काळात होत असे. आज त्याच नावाने जो फेरा निघतो, त्यात त्या काळी मूळ शर्यतीत उतरलेल्या मॉडेलांनाच प्रवेश असतो. इंग्लंडमधील गुडवूड रिव्हायव्हलमध्ये १९४८ ते १९६६ या काळातील गाड्या धावतात. कितीही पैसे असले तरी नवी गाडी घेऊन तेथे जाता येत नाही. काही जुन्या गाड्यांची किंमत या प्रवेशपत्रामुळेही आहे.

हिशेबनीस

प्रवेशपत्राचा मुद्दा मला पटला. क्लबचे सभासदत्व वारसाहक्काने मिळत नाही, गाडी विकत घेऊन मिळते, असा तो व्यवहार दिसतो. तरीही फुग्याविषयीचे माझे म्हणणे कायम आहे.

तिलकनगरकर

इंदुरात बसून या विषयावर बोलायचे आणि होळकरांचे नाव घ्यायचे नाही, हे योग्य नव्हे. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी तिसाच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीकडून एसजे ही सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) असलेली गाडी घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. दोन माणसांसाठी एवढी लांब गाडी, सुमारे ७ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन, ३२० अश्वशक्तीचा कंपनीचा दावा. तिसाच्या दशकात इंदुरातून देवासला जाण्यासाठी एवढ्या शक्तीची आवश्यकता नव्हती, हे मान्य करावे लागेल.

पण त्याच महाराजांचा माणिकबाग राजवाडा पाहा. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांनी तो तिसाच्या दशकाच्या आरंभी बांधला आणि त्यातील खुर्च्या, दिवे, टेबले युरोपातील त्या काळच्या सर्वांत आधुनिक कारागिरांकडून आणवली. पुढे १९८० साली त्या सामानाचा मोनॅको येथे लिलाव झाला आणि आज त्यातील एकेक वस्तू जगभरच्या संग्राहकांना हवी असते. वास्तूत आता सरकारी कार्यालय आहे. ज्या वस्तू घडताना केवळ फॅशनेबल समजल्या गेल्या, त्यांची जागतिक ओळख त्या इंदुराबाहेर गेल्यावर ठरली. गाड्यांचेही तसेच झाले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि त्या सुमारास चांगल्या चांगल्या गाड्या देशाबाहेर गेल्या किंवा मातीमोल विकल्या गेल्या. म्हणून मालवाप्रवासी यांना माझे सांगणे आहे की मुंबईच्या गृहस्थांना घाई असेल, तुम्हाला नसावी.

महूकर

तिलकनगरकर, राजांच्या गाड्यांचे उदाहरण येथे कितपत लागू पडते, याविषयी मला शंका आहे. ड्यूसेनबर्ग एकच होती. टीडी १९४९ ते १९५३ या काळात जवळपास तीस हजार बनल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेला गेल्या. ती फौजदार-कप्तानांच्या खिशाला परवडणारी गाडी होती. तिची गोडी दुर्मिळतेत शोधली तर सापडणार नाही.

निवृत्त_यंत्रज्ञ

महूकर, बरोबर. टीडीच्या बाबतीत एक गंमतीची गोष्ट सांगतो. ती आली तेव्हा एमजीचे कट्टर चाहते नाराज झाले होते. आधीच्या टीसीची तारांची उंच चाके जाऊन तिला पत्र्याची छोटी चाके आली, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आले, गाडी आरामदायक झाली. खरी स्पोर्ट्स कार अशी असते का, असे त्या वेळी विचारले गेले. आज त्याच पत्र्याच्या चाकांकडे लोक प्रेमाने पाहतात.

फेरारीच्या डिनोचेही तेच. मालकाच्या दिवंगत मुलाच्या नावाची ही सहा सिलिंडरची गाडी. तिच्यावर फेरारीचे नावही नव्हते आणि बारा सिलिंडरवाले तिला खिजगणतीत धरत नसत. आज डिनो २४६ परवडणे ही मोठ्या लोकांचीच गोष्ट आहे. १९९७ नंतरच्या पाण्याने थंड होणाऱ्या पोर्शे ९९६ ला तिच्या दिव्यांच्या आकारावरून इतकी वर्षे नावे ठेवली गेली. आता तिच्याकडेही लोक वळू लागले आहेत. समकालीनांची नाके मुरडणे पुढच्या पिढीला ऐकू येत नाही, आणि मधल्या काळात कोणी न जपल्यामुळे चांगल्या गाड्या कमी उरतात. कमी प्रतिष्ठेच्या गाड्या अशा मार्गाने वर येतात.

बडोदेकर

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात '२१ गन सॅल्यूट' या नावाचे जुन्या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते, तेथे मी गेलो होतो. माझे निरीक्षण असे की सामान्य प्रेक्षक चकचकीत गाडीभोवती गर्दी करतात आणि जाणकार माणूस वाकून तिच्या खाली पाहतो. बोल्ट कोणत्या धाटणीचे आहेत, वायरिंगवर कापडी वेष्टन आहे की प्लास्टिकचे, डॅशबोर्डवरील घड्याळे मूळ आहेत का, हे तो पाहतो. नव्या रंगापेक्षा थोडा उडालेला मूळ रंग त्याला अधिक आवडतो, कारण गाडी पुन्हा कितीही वेळा रंगवता येते, मूळ रंगात एकदाच असते.

२०१५ साली पॅरिसमध्ये बेयों कुटुंबाच्या शेडांतून निघालेल्या गाड्यांचा लिलाव झाला. धूळ, जाळी, गंज यांसह ठेवलेल्या त्या गाड्यांतील एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. तिच्यावरची धूळ विक्रीपूर्वी कोणी पुसली नाही, हे लक्षात घ्यावे.

मालवाप्रवासी, मामांच्या गाडीला शेडमधून काढून लगेच डेंटिंग-पेंटिंगला पाठवू नका, एवढीच विनंती. माझ्या परिचयातील एका कुटुंबाच्या जुन्या गाडीचे कार्ब्युरेटर एका गॅरेजने गळतात म्हणून काढले, दुसऱ्याच गाडीचे बसवले आणि मूळचे परत मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे सांगितले.

सुमेधा_इंदूर

बडोदेकर, हे वाचून वाईट वाटले. पण आणखी एक बाजू येथे कोणी मांडली नाही, ती पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या, सील, गॅस्केट यांना ते मानवत नाही. पेट्रोल टाकीत महिनोनमहिने पडून राहिले तर टाकी आतून गंजते. जुन्या गाडीची किंमत वाढत जाईल आणि तिला चालवणे मात्र अवघड होत जाईल, अशी मला भीती वाटते. म्हणजे अखेरीस गोदामच.

कार्ब्युरेटर

भीती रास्त आहे, उपाय मात्र आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बाजारात मिळतात, गाडी उभी ठेवायची असल्यास टाकी रिकामी करता येते, आणि आठवड्यातून एकदा बायपासवर फिरवून आणणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

मालवाप्रवासी

सर्वांचे आभार. केवळ हौस हे माझे कारण आपण बऱ्यापैकी खोडून काढले आहे. भिंतीवरच्या चित्राचा मुद्दा आणि काही गोष्टी आता पैसे देऊनही मिळत नाहीत हा मुद्दा, हे दोन मला सर्वांत पटले. मात्र हिशेबनीस यांचा इशाराही मी घरच्यांपुढे ठेवणार आहे, कारण आमच्याकडे आकडा ऐकूनच स्वप्ने सुरू झाली आहेत.

आता थोडे व्यवहाराचे. काल शेडमध्ये टॉर्च घेऊन पाहिले. इंजिनाच्या बाजूला एक आठकोनी पितळी चकती आहे, तिच्यावर एक्सपीएजी अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक आहे. आरसी बुकातील क्रमांकाशी तो जुळतो, फक्त एक आकडा वेगळा आहे. याचा अर्थ इंजिन बदललेले आहे का?

महूकर

ती चकती जागेवर आहे, हीच मोठी गोष्ट समजा. अनेक इंजिनांवरून ती नाहीशी झालेली असते, कारण दिसायला सुंदर असल्यामुळे कोणीतरी आठवण म्हणून काढून नेतो.

निवृत्त_यंत्रज्ञ

एकच आकडा वेगळा असेल तर बहुधा कारकुनाच्या हातून लिहिताना झालेली चूक असावी, विशेषतः ३ आणि ८ किंवा १ आणि ७ यांचा घोटाळा असल्यास. तरीही चॅसिसवर ठोकलेला क्रमांक आणि फायरवॉलवरील (इंजिन व बसण्याची जागा यांमधील पत्र्यावरील) पट्टी या दोन्हींची छायाचित्रे घ्या आणि आरसीतील चॅसिस क्रमांकाशी ताडून पाहा. तो पूर्ण जुळला तर काळजीचे कारण नाही. आरटीओमधील दुरुस्ती विक्रीआधी आणि मामांच्या वारसांच्या नावावर गाडी करतानाच उरकून घ्या, कारण गाडीची कागदपत्रे स्वच्छ नसली की खरेदीदार नेमका त्याच मुद्द्यावर किंमत पाडतो. मूळ खरेदीची पावती, जुने कर टोकन, मामांची गाडीसोबतची छायाचित्रे असतील तर एका पाकिटात ठेवा. त्यांनाही मोल आहे.

हिशेबनीस

त्यात भर घालतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकी-चारचाकींची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, ती १० वर्षे चालते आणि पुढील नूतनीकरणास ५,००० रुपये लागतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्यांना व्हीए मालिका मिळते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते.

पोहे_जिलबी

म्हणजे इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीला जाऊन येणे हे प्रदर्शनात मोडते की रोजच्या वापरात?

हिशेबनीस

किती जण भोवती जमतात, त्यावर ठरेल.

मालवाप्रवासी

चॅसिसचा क्रमांक पूर्ण जुळला, फायरवॉलवरील पट्टीही जुळली. आरटीओचे काम मी या महिन्यात सुरू करतो आणि मुंबईच्या गृहस्थांना तोपर्यंत थांबण्यास सांगितले आहे. मावसभावाला मात्र धीर नाही. नवी बॅटरी लावून रविवारी इंजिन सुरू करून पाहू, असे तो म्हणतो. करावे का?

कार्ब्युरेटर

अजिबात करू नये. इतकी वर्षे बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या कड्या सिलिंडरला धरून बसलेल्या असू शकतात आणि स्टार्टरने जोर लावला तर त्या तुटतात. आधी चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडे पातळ तेल सोडा आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. जुने इंजिन ऑइल काढून नवे घाला, टाकीतील जुने पेट्रोल पूर्ण उपसा. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, प्लग न लावता, पुढच्या हँडलने हळूहळू फिरवून पाहा. सहज फिरले तर पुढचे सांगतो. अडले तर मावसभावाला जोर लावू देऊ नका, पुन्हा तेल सोडा आणि आणखी एक आठवडा थांबा.